"घरा, आज बोलत का नाहीस?" : कोल्ह्याची एक युक्ती आणि तिच्या वाटा

मलप्रभाकाठ :

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात खरनखर नावाचा सिंह आणि दधिपुच्छ नावाचा कोल्हा यांची एक छोटी गोष्ट आहे. दिवसभर शिकार न मिळालेला सिंह एका रिकाम्या गुहेत शिरून दबा धरून बसतो. संध्याकाळी गुहेचा धनी कोल्हा परत येतो, तेव्हा त्याला आत गेलेली पावले दिसतात, बाहेर आलेली दिसत नाहीत. तो पळून जात नाही. दारात उभा राहून गुहेलाच हाक मारतो आणि उत्तर येत नाही असे पाहून म्हणतो की, मी बाहेरून आलो की तू मला बोलावायचे असे आपले ठरलेले आहे, आज तू गप्प राहणार असशील तर मी दुसरी गुहा बघतो. सिंहाला वाटते की ही गुहा रोज बोलत असावी आणि आज आपल्या भीतीने तिची वाचा बसली असावी. म्हणून तो स्वतःच आतून ओ देतो आणि कोल्ह्याला हवे होते ते कळते.

हीच युक्ती आपल्या बेळगाव-सीमाभागाशी नाते असलेल्या एका जुन्या पुस्तकात पुन्हा भेटते. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर असताना त्यांची मुलगी मेरी हिने सोबतच्या आयेकडून, ॲना लिबेराता डिसोझा हिच्याकडून, गोष्टी ऐकून लिहून घेतल्या आणि १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने प्रसिद्ध केल्या. ॲनाचे घराणे मूळचे लिंगायत होते, ते तिच्या आजोबांच्या काळात ख्रिस्ती झाले, आणि या गोष्टी तिने आजीच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. त्यातील एका गोष्टीत कोल्हा नदीकाठी खेकडे शोधत पाण्यात पंजा घालतो आणि मगर तो पंजा जबड्यात धरते. कोल्हा ओरडत नाही, उलट हसून म्हणतो की, मगरीने माझा पंजा समजून लव्हाळ्याचे मूळ धरले आहे, ते तिला चांगले कोवळे लागो. मगर पंजा सोडते. पुढे ती सूड घ्यायला कोल्ह्याच्या बिळात घुसून बसते, तेव्हा कोल्हा उकरलेली माती बघतो आणि बाहेरूनच लाडिक आवाजात विचारतो की, माझ्या गोजिरवाण्या घरा, सारे ठीक असले की तू मला साद देतोस, मग आज बोलत का नाहीस? मगर आवाज गोड करून साद देते आणि कोल्हा सरपण गोळा करायला निघून जातो. त्या सरपणाचे काय होते, हे ज्यांनी गोष्ट ऐकली असेल त्यांना आठवेल.

आता तिसरे ठिकाण. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील जोएल चँडलर हॅरिस याने मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीय लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी १८८० पासून पुस्तकरूपाने छापल्या. त्यांत ब्रेर रॅबिट नावाचा ससा घरी परततो, आत लांडगा दडला असल्याचा त्याला संशय येतो आणि तो घराला हाक मारून विचारतो की, रोज उत्तर देतोस, आज काय झाले? त्याच गोष्टींत एक कासवही आहे. कोल्ह्याने पाय धरल्यावर ते सांगते की, तू झाडाचे मूळ धरून बसला आहेस, ते सोड आणि मला धर. म्हणजे मेरी फ्रिअरने आपल्याकडे ऐकलेल्या एकाच गोष्टीतील दोन्ही युक्त्या तिकडेही सापडतात.

माझे म्हणणे या जागेपासून सुरू होते. दुबळ्याने बलवानाला बुद्धीने फसवणे ही कल्पना कोणत्याही मुलखात कोणालाही सुचेल, कारण सावकार, पाटील, मळ्याचा मालक सगळीकडेच असतात. तेवढ्या साम्यावरून दोन गोष्टी एकमेकींच्या नात्यातल्या ठरत नाहीत. गुहेत कोणी आहे का हे पाहायला कोल्ह्याला दगड फेकता आला असता, वारा हुंगता आला असता. कथेच्या सोयीसाठी घराशी बोलण्याची काहीही गरज नव्हती. अशी गरज नसलेली आणि तरीही न विसरता येणारी बारकाई दोन-तीन खंडांत जशीच्या तशी आढळली, तर ती गोष्ट कोणाच्या तरी तोंडाने प्रवास करून गेली असे मी मानतो.

माकड आणि मगर यांची कथा याच कसोटीला उतरते. काळीज काढून झाडावर ठेवता येते ही कल्पना इतकी विचित्र आहे की ती वेगवेगळ्या ठिकाणी आपोआप उगवली असे म्हणवत नाही. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात ती आहे, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली जातककथांत आहे, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली कथेत मगरीच्या जागी शार्क मासा आहे. कोरियात तिथे ससा आणि कासव आले आणि काळजाऐवजी यकृत आले. ११४५ साली लिहिल्या गेलेल्या 'सामगुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथात या कथेचा जो उपयोग सांगितला आहे तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. सिल्ला राज्याचा सरदार किम छुन-छू ६४२ साली शेजारच्या गोगुर्यो राज्यात अडकून पडला असता तिथल्या एका अधिकाऱ्याने त्याला ही गोष्ट ऐकवली. किमने खूण ओळखली, तुम्हाला हवा असलेला प्रदेश परत गेल्यावर मिळवून देतो असे राजाला कळवले आणि तो सुटला, अशी नोंद आहे. गोष्ट सांगणाऱ्याने युक्ती सुचवली आणि ऐकणाऱ्याने ती वापरली.

पंचतंत्राचा लेखी प्रवास सर्वांना ठाऊक आहे. इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या काळात, सहाव्या शतकात, बुर्झोय या वैद्याने ते पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेले आणि आठव्या शतकाच्या मध्यास इब्न अल-मुकफ्फा याने त्यावरून अरबी 'कलीला व दिम्ना' तयार केले. मात्र त्याच सुमारास आपल्या मलप्रभेच्या काठी काय चालले होते, ते आपल्या लक्षात राहत नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावणारी ही नदी पुढे बागलकोट जिल्ह्यात पट्टदकलला जाते, आणि तिथे चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी त्रैलोक्यमहादेवी हिने बांधलेल्या मल्लिकार्जुन मंदिराच्या खांबांवर पंचतंत्रातील कथा कोरल्या आहेत. अरबी लेखक बसऱ्याच्या बाजूला त्या कथा लिहीत होता आणि इकडे पाथरवट त्या दगडात काढत होते. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी असलेल्या दुर्गसिंहाने १०३१ च्या सुमारास कन्नड पंचतंत्र रचले. ते नेहमीच्या विष्णुशर्म्याच्या पाठावरून नसून वसुभागाच्या पाठावरून रचलेले आहे.

असे असूनही माझी खात्री आहे की आपल्या सीमाभागात या गोष्टी पुस्तकांपेक्षा तोंडांनी अधिक फिरल्या आणि त्या तोंडांना दोन भाषा येत होत्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातील वाचकांनी आपल्या घरी ऐकलेल्या कोल्ह्या-सशाच्या गोष्टी इथे लिहाव्यात, अशी विनंती आहे. गोष्ट कोणाच्या माहेरची, कोणत्या भाषेत ऐकली आणि बारकाई कोणती, एवढे जरूर लिहावे.


खानापूरची लेक :

गोष्टी सांगणाऱ्या तोंडांना दोन भाषा येत होत्या, या आपल्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, कारण आमच्या घरात ते घडताना मी पाहिले आहे. माझी आजी माहेरची गोकाककडची, घरात कानडी बोलणारी. लग्न होऊन खानापूर तालुक्यातील मराठी घरात आली आणि नातवंडांना गोष्टी मराठीत सांगू लागली. पण गोष्टीत कोल्ह्याची बोलायची पाळी आली की ती कानडीत शिरायची आणि त्याला 'नरियण्णा' म्हणायची. वाघ मात्र मराठीत बोलायचा. आम्हा मुलांना त्यात काहीही खटकत नसे; कोल्हा हुशार असल्यामुळे त्याला दोन्ही भाषा येतात, असे आम्ही धरून चाललो होतो. माझ्या आत्या पुढे तीच गोष्ट कोल्हापूरला आपल्या मुलांना सांगू लागल्या तेव्हा कोल्ह्याचे सारे बोलणे मराठी झाले, पण तो वाघाला ज्या शब्दांनी चुचकारतो त्यांची चाल कानडीच राहिली.

सून म्हणून भाषेची हद्द ओलांडणाऱ्या बायका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी नेलेल्या गोष्टींची कुठे नोंद झाली नाही, कारण त्या चुलीपुढे सांगितल्या गेल्या. ए. के. रामानुजन हे पुढे जगभर गाजलेले कवी आणि लोककथांचे अभ्यासक १९५० च्या दशकात बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. कानडी घरांतील बायकांच्या तोंडच्या कथांना त्यांनी जे महत्त्व दिले, ते आपल्याकडच्या मराठी घरांतील कथांच्या वाट्याला तेवढे आले नाही, ही मला लागून राहिलेली गोष्ट आहे.

आणखी एक भर घालते. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' आपण अस्सल मराठी समजतो. लेकीकडे जाणारी म्हातारी, वाटेत अडवणारे वाघ-कोल्हे, 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा' हे वचन आणि परतताना भोपळ्यातून घरंगळत येणे, हे सगळे इराणमध्ये 'कदू-ए-कलकलेजन' या नावाने आजही लहान मुलांना सांगतात. बंगालमध्येही तशीच म्हातारी तशाच दुध्यात बसून गडगडत येते. मलप्रभाकाठ यांच्या कसोटीने पाहिले तर भोपळा ही ती गरज नसलेली बारकाई ठरते, कारण म्हातारीला रात्री आडवाटेनेही येता आले असते.


हिडकलकर :

विषय उत्तम आहे, परंतु एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. अशा चर्चांत थोड्याच वेळात 'सगळे काही आपल्याकडूनच गेले' हा सूर लागतो. पंचतंत्राचे जर्मन भाषांतर १८५९ साली प्रसिद्ध करणारा थिओडोर बेन्फाय हा जगातील बहुतेक परीकथा भारतातून निघाल्या असे मानणारा पंडित होता; त्यानेसुद्धा प्राणिकथांना मात्र वेगळे काढले आणि त्यांतील पुष्कळशा ग्रीकांकडून, इसापाच्या बाजूने, इकडे आल्या असाव्यात असे लिहिले. त्याचे दोन्ही निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे स्वीकारत नाही, पण वाट दोन्ही बाजूंनी वाहती असते हे त्याला दिसले होते.

शिवाय ज्या कथांचा आपल्याशी कसलाही संबंध नाही, त्या तितक्याच समृद्ध आहेत. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींच्या कथांत डोमकावळा एका म्हाताऱ्याच्या पेटीत कोंडलेला प्रकाश चोरतो, आणि त्यासाठी तो स्वतः त्या म्हाताऱ्याच्या लेकीच्या पोटी बाळ होऊन जन्म घेतो. तो देवही आहे, खादाडही आहे, आणि त्याच्या चोरीमुळेच जगाला उजेड मिळतो. आतल्या मैदानी मुलखातला कायोटी जग घडवायलाही मदत करतो आणि स्वतःच्या हावरेपणाने स्वतःच फजितही होतो. आपला कोल्हा राजदरबारात वावरणारा प्रधान आहे. सृष्टी घडवण्याची कामगिरी त्याच्याकडे नाही. हा फरक नजरेआड करून सगळ्यांना एका माळेत ओवणे योग्य होणार नाही.

घानामधील अकान लोकांचा अनान्सी कोळी तर याहूनही निराळा. आकाशदेव न्यामे याच्याकडे असलेल्या साऱ्या गोष्टी विकत घेण्यासाठी त्याने अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक अदृश्य होणारी परी पकडून दिली, म्हणून जगातील सर्व गोष्टी अनान्सीच्या झाल्या. अजगराला पकडताना तो म्हणतो की, तू लांब की हा बांबू, यावर माझे बायकोशी भांडण झाले आहे, तेव्हा जरा शेजारी आडवा हो. आणि मोजता मोजता त्याला बांधून टाकतो. गुलाम म्हणून जहाजात कोंडलेल्या माणसांनी बाकी सर्व गमावले तरी हा कोळी जमैकाला पोचला. तिथे मळ्याच्या मालकाविरुद्ध उघडपणे जे बोलता येत नव्हते ते या कोळ्याच्या गोष्टींतून बोलले गेले.


अथणीचा शिक्षक :

मी प्राथमिक शाळेत शिकवतो आणि या कथा वर्गात सांगतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मुले दर वर्षी हमखास एकच प्रश्न विचारतात : कोल्हा चांगला की वाईट? आमच्या भागात उसाच्या फडात कोल्हे असतात, रात्री त्यांची कोल्हेकुई घरापर्यंत ऐकू येते, आणि काकडी-कलिंगडाच्या वाड्यांवर त्यांचा डोळा असतो, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने तो पुस्तकातला प्राणी नाही.

या प्रश्नाने मोठमोठ्यांनाही अडचणीत टाकले आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात दमनक हा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत बिब्बा घालतो, बैल मारला जातो, दमनक प्रधान म्हणून सुखाने राहतो आणि गोष्ट संपते. हा शेवट अरबी लेखकाला सोसला नाही. इब्न अल-मुकफ्फाच्या ग्रंथात मूळ संस्कृतात नसलेले एक संपूर्ण प्रकरण आहे, ज्यात दिम्नावर, म्हणजे दमनकावर, रीतसर खटला चालतो, साक्षी होतात आणि त्याला देहदंड मिळतो. त्या खटल्यातही तो इतके बिनतोड युक्तिवाद करतो की वाचणारा काही काळ त्याच्या बाजूला झुकतो. युरोपात रेनार्ड नावाच्या कोल्ह्यावरही मध्ययुगात असाच दरबारी खटला रंगवला गेला आणि तिथे तो फासापर्यंत जाऊन थापा मारून सुटतो.

पाठ्यपुस्तकांसाठी अशा कथा धुऊन-पुसून घेतल्या जातात, याचे मला मनापासून दुःख होते. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला कोल्हा शेवटी कोल्हेकुई ऐकून स्वतःच ओरडतो आणि मारला जातो. पण काही सोप्या आवृत्त्यांत तो नुसता 'पळून जातो'. मुलांना तो शेवट सहन होतो, आणि तो ऐकल्यावरच ती खरी चर्चा करतात. मागे एका मुलीने विचारले होते की, त्याला ओरडावेसे वाटले यात त्याची चूक काय? या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते आणि आजही मी ते वर्गावरच सोपवतो.


मलप्रभाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिडकलकर यांचा इशारा रास्त आहे आणि त्याला जोडून डांबराच्या बाहुलीचे उदाहरण देतो. ब्रेर रॅबिट डांबराच्या बाहुलीला ठोसा मारतो आणि एकेक करून दोन्ही हात, दोन्ही पाय व डोके तिला चिकटते. अनान्सीही त्या परीला चिकाने माखलेल्या बाहुलीनेच पकडतो. इकडे संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात हिमालयातील एक माकड पारध्याने लावलेल्या चिकटणीत हात घालते, तो सोडवायला दुसरा हात, मग पाय, मग दुसरा पाय आणि शेवटी तोंड घालते आणि पाच ठिकाणी अडकते. पंचावुध जातकातील राजपुत्रही चिकट केसांच्या यक्षाला असाच पाच ठिकाणी चिकटतो. ऑरेलिओ एस्पिनोसा या अभ्यासकाने यावरून ही कथा भारतातून गेली असे मांडले, तर इतरांनी तिचे मूळ आफ्रिकेत मानले. माझ्या मते पाच अवयवांचा क्रम हा भक्कम दुवा आहे. पण दुव्यावरून नाते कळते, कोण आधीचा ते कळत नाही. हे दोन दावे वेगळे ठेवले तर 'सगळे आपलेच' म्हणण्याचा मोहही होणार नाही.

आता एक विशिष्ट चौकशी. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण आपण अडचणीत खुशामत करावी लागते या अर्थाने सर्रास वापरतो. तिच्यामागे नदी ओलांडण्याची एखादी पूर्ण कथा असली पाहिजे असे मला वाटते. मलेशिया-इंडोनेशियात कान्चिल नावाचे पिसोरीसारखे इवलेसे हरीण मगरींना सांगते की, राजाच्या हुकमावरून तुमची मोजणी करायची आहे, रांगेत उभ्या राहा. आणि मोजत मोजत त्यांच्या पाठींवरून पलीकडे जाते. जपानच्या ७१२ सालच्या 'कोजिकी' ग्रंथातील इनाबाचा ससा समुद्रातील 'वानी' नावाच्या जलचरांना अगदी तसेच फसवतो, मात्र शेवटच्या पावलाला फुशारकी मारतो आणि अंगावरची लोकर गमावून बसतो. घटप्रभा, दूधगंगा किंवा कृष्णेच्या काठावरील कोणाच्या घरी सुसरीच्या पाठीवरून नदी ओलांडणाऱ्याची गोष्ट सांगतात का, आणि तिच्यात मोजणी आहे का?


निपाणीकर :

आमच्याकडे गोष्ट आहे, मोजणी नाही. माझी आई तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिथे चिकोडीकडच्या कानडी बायका आणि कागलकडच्या मराठी बायका शेजारी बसून काम करीत, आणि ही गोष्ट तिने तिथेच ऐकली. तिच्यात कोल्ह्याला दूधगंगेच्या पलीकडच्या मळ्यातील काकड्या खायच्या असतात. तो सुसरीला म्हणतो की, तुझ्या लेकासाठी पलीकडच्या गावात एक स्थळ बघून ठेवले आहे, मला रोज पोचवलेस तर बोलणी पुढे नेतो. सुसर त्याला पाठीवर घेते आणि तो वाटेत तिच्या पाठीची स्तुती करतो, म्हणजे म्हण तिथे जशीच्या तशी येते. काकड्यांचा हंगाम संपल्यावर तो एका बुंध्याला जुने लुगडे गुंडाळून काठावर उभे करतो, नवरी लाजते आहे असे सांगतो आणि निघून जातो.


मलप्रभाकाठ :

ही फार मोलाची भर आहे. लग्नाचे आमिष आणि लुगडे नेसवलेला बुंधा या दोन बारकाव्यांमुळे ही गोष्ट कान्चिल आणि इनाबाच्या सशाच्या साखळीतील नाही, हे स्पष्ट होते. तिची साखळी वेगळी आहे आणि ती आपल्याला शोधावी लागेल. तिकडे मगरींना अनेक असावे लागते, कारण त्यांचा पूल करायचा असतो. इथे एकच सुसर पुरते, पण कोल्ह्याला हंगामभर ये-जा करायची असल्यामुळे थाप रोज टिकवावी लागते. आपल्या मातुःश्रींना शक्य असेल तर एवढे विचारावे की, वखारीत ही गोष्ट सांगणारी बाई कानडी होती की मराठी, आणि कोल्हा सुसरीची स्तुती करताना कोणत्या भाषेत बोलत होता.